मापघर आणि दीड ग्रॅम

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, दर बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मापघराचं कुलूप उघडतात. साठी आली, नोकरी सुटून दोन वर्षं झाली, पण बाईंची वेळ चुकत नाही. निघायच्या आधी चहा घेतात, तोही स्वतःच्या हातचा. का, तर म्हणे मी साखर अंदाजाने घालते. अहो, साऱ्या जगातल्या बायका साखर अंदाजानेच घालतात. हे मी त्यांना अठ्ठावीस वर्षं सांगतेय आणि अठ्ठावीस वर्षं ते पालथ्या घड्यावर पाणी आहे.

लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती, सासरे नव्हते, पण दोघांची कसर या एकट्या नणंदेने भरून काढली. वयाच्या बाविसाव्या वर्षी मापघरात शिपाई म्हणून लागल्या, धाकट्या दोन भावंडांना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण एक गोष्ट मला कधी कळली नाही. मी पितळेचा डबा जरा जोर लावून घासायला घेतला की वन्सं मागून यायच्या आणि माझा हात धरायच्या. ‘हळू. झिजतं ते.’ बाकी घर आरशासारखं हवं, आणि पितळ मात्र काळं राहिलं तरी चालेल! मी म्हणायची, असतो एकेकाचा विक्षिप्तपणा, आपल्याला काय.

मापघर म्हणजे बाजाराच्या मागची बसकी दगडी इमारत. गावातल्या प्रत्येक दुकानदाराने वर्षातून एकदा आपला तराजू आणि वजनं तिथे न्यायची. साहेब ती सरकारी प्रमाण वजनांशी ताडून बघायचे आणि बरोबर असली तर शिक्का मारायचे. भिंती हातभर जाड, खिडक्या वर छताजवळ, कारण वाऱ्याने काटा हलता कामा नये. मधलं दगडी टेबल तर फरशीला टेकलेलंच नाही. त्याचा पाया वेगळा, जमिनीत खोल गेलेला. बाजूने हत्ती नाचला तरी टेबलावरचा तराजू ढिम्म हलायचा नाही. पुढे विजेचे काटे आले, कार्यालय मोठ्या गावी गेलं, आणि मापघराला कुलूप लागलं. दोन वर्षं ते तसंच होतं. नगरपालिकेतले शहाणे म्हणू लागले, पाडून टाका, गाड्या लावायला जागा होईल.

तेवढ्यात ते दोघं आले. शहरातली कुठलीशी संस्था आहे, ती कलाकारांना लहान गावांत पाठवते. गावातली एखादी पडीक सरकारी इमारत घ्यायची, तीन महिने तिच्यातच राहायचं आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन तिचं पुढे काय करता येईल ते शोधायचं, असं त्यांचं काम. एक उंच मुलगी होती, माती-लाकडाच्या वस्तू करणारी, आणि एक दाढीवाला, जो आवाज गोळा करतो. हो, आवाज. आल्या आल्या त्याने एक अख्खा दिवस मापघराच्या कुलपाचा आवाज टिपण्यात घालवला. मी वन्संना म्हटलं, बिनभाड्याचे पाहुणे आहेत, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तीन महिने चहा पितील आणि जातील. वन्संनी मान डोलावली. आमचं दोघींचं एकमत झालं, असा तो वर्षातला एकमेव दिवस.

मग ती उंच मुलगी आमच्या दारात उभी राहिली. मापघरात छत्तीस वर्षं काम केलेलं माणूस इथेच राहतं ना, म्हणाली. वन्सं तिला वाटेला लावायच्या बेतात होत्या. पण मुलीने विचारलं की त्या दगडी टेबलाचा पाया किती खोल आहे, आणि संपलं. वन्सं चपला घालून तिच्यासोबत गेल्या त्या संध्याकाळी परतल्या. जेवताना दोनदा हसल्या. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

त्यानंतर बुधवार सुरू झाले. त्या दोघांनी गावात सांगितलं की घरातली अशी एक वस्तू आणा जी तुम्ही कधी वजन करून बघितलेली नाही. लोक हसले, पण आले, कारण फुकटची गंमत कोण सोडतो. न्हाव्याने एका दिवसात कापलेले केस पिशवीत भरून आणले. मास्तरांनी दोन उत्तरपत्रिका आणल्या, एक पहिल्या आलेल्या मुलीची आणि एक नापास पोराची. नापासाची जड भरली, कारण त्याने जास्तीच्या पुरवण्या घेतल्या होत्या. एक लेकुरवाळी तीन आठवड्यांचं बाळ घेऊन आली. ते दवाखान्यात किंचाळायचं, इथे पारड्यात मात्र पाय हलवत गप्प पडून राहिलं. पुढच्या बुधवारी तिच्या मागे आणखी चौघी आपापली बाळं घेऊन उभ्या होत्या. वन्सं प्रत्येकाचं वजन वहीत लिहायच्या आणि आईला बजावायच्या, या आठवड्यात कमी वाढलंय, डॉक्टरांना दाखव. दोन वर्षं घरात बसून माझ्या साखरेवर डोळा ठेवणारी बाई ती हीच का, असं मला वाटायचं.

तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीला मागच्या खोलीतल्या कपाटावर एक लाकडी पेटी सापडली. आत मखमल, आणि मखमलीत पितळेचं एक किलोचं जुनं प्रमाण वजन. तेलकट कागदात घट्ट गुंडाळलेलं, म्हणून अजून सोन्यासारखं चकाकणारं. मुलगी हरखून गेली. शेवटच्या रविवारी सगळ्या गावाला आणि नगरपालिकेच्या सभासदांना बोलवायचं होतं, मापघर ठेवायचं की पाडायचं ते त्याच दिवशी ठरणार होतं. मुलीने ठरवलं की हे वजन काचेखाली मधोमध ठेवायचं आणि खाली लिहायचं, ‘गावाचा खरा किलो’. वन्संना दाखवायला तिने पेटी उघडली. मी तिथेच होते. वन्संचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता चक्कर येऊन पडतात.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मापघरात जाणं बंद केलं. डोकं दुखतंय, कंबर दुखतेय, रोज नवं कारण. बुधवारी बायका बाळं घेऊन ताटकळल्या. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी खोलीत जाऊन खडसावलं, सगळ्या गावाला नादी लावायचं आणि स्वतः पांघरूण घेऊन झोपायचं, ही कुठली तऱ्हा? तेव्हा वन्संनी सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मला.

नोकरीला लागल्या तेव्हाचे साहेब नवे होते, कडक. खोली चकचकीत दिसली पाहिजे, म्हणाले. बाविशीची पोर, नोकरी टिकवायची धडपड. तिने फरशी चकचकीत केली, तावदानं केली, आणि पेटीतलं प्रमाण वजन काळवंडलेलं दिसलं तेव्हा तेही विटकरीच्या भुकटीने घासून लख्ख केलं. दर शनिवारी. कुणी सांगितलंच नव्हतं की त्याला हातही लावायचा नसतो, चिमट्यानेच उचलायचं असतं. साहेबही म्हणाले, वा, काय चमकतंय! अकरा महिन्यांनी वजन तपासणीसाठी वरच्या कार्यालयात गेलं तेव्हा कळलं की किलो दीड ग्रॅमने हलका झालाय. घासून घासून झिजला होता.

मी म्हटलं, दीड ग्रॅम! एवढं तर मी चहा ढवळताना सांडते. त्याचं काय एवढं घेऊन बसलात?

पण त्या हलक्या किलोशी अकरा महिने सगळ्या गावाची वजनं ताडली होती. खोटं जर खरं धरलं, तर खरं आपोआप जड ठरतं. लोखंडी वजनांना खाली शिशाचं बूच असतं, त्यातलं थोडं शिसं कोरून काढलं की काम भागतं, म्हणून वाण्या-बक्कालांचं काही बिघडलं नाही. एक मेणवाला मात्र अडकला. तो डोंगरातल्या माणसांकडून मध आणि मेण विकत घ्यायचा, आणि त्याची वजनं भरीव पितळेची, त्यातून काही काढता येईना. विकत घेणाऱ्याचं वजन जड म्हणजे समोरच्याच्या मालाची चोरी. साहेबांना गावाला धडा शिकवायचाच होता. त्यांनी वजनं बाद केली, त्यांच्यावर फुलीचा ठसा मारला आणि मापघराच्या दारावर महिनाभर मेणवाल्याचं नाव लावलं. डोंगरातली माणसं त्याच्याकडे यायची बंद झाली. दुकान बसलं. पुढे खरी गोष्ट कळल्यावर साहेबांनी नवं प्रमाण वजन मागवलं, जुनी पेटी कपाटावर टाकली आणि वन्संना सांगितलं, तोंड उघडलंस तर तुझी नोकरी आधी जाईल. घरात दोन भावंडं शाळेत. वन्सं गप्प बसल्या. साहेब बढती घेऊन गेले, आता तर ते या जगातही नाहीत.

मी खरं तेच सांगते, लपवत नाही. माझं पहिलं वाक्य होतं, अडतीस वर्षं गप्प बसलात, आता आणखी वीस बसा. रविवारी सभासद येणार, आणि तुम्ही सांगणार की मापघरानेच गावाला फसवलं? दुसऱ्या दिवशी पाडतील. शिवाय तुमचं नाव! गावात दोन भाऊ वाटणीवरून भांडले तरी तुम्हाला बोलावतात. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?

वन्संनी माझ्याकडे बघितलं. “वहिनी, तू त्या माणसाला काय म्हणतेस?”

काय म्हणणार? सगळं गाव म्हणतं तेच मी म्हणायची, जडमाप्या. त्याचं खरं नाव मला ठाऊकच नव्हतं. त्याच्या मुलीने शिवणकामाचं दुकान काढलं तेव्हा मी बायकांत म्हटलं होतं, कापड मोजून द्या गं, त्यांच्याकडे मापं जड असतात. सगळ्या हसल्या होत्या आणि मला मी फार हुशार वाटले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्या खोलीत उभ्या उभ्या मला माझीच इतकी लाज वाटली की मी वन्संच्या पायाशी बसले. मग म्हटलं, चला, मी येते तुमच्यासोबत.

आधी त्या कलाकारांना सांगितलं, कारण रविवार त्यांचा होता. दाढीवाला गडबडला, संस्थेला काय कळवायचं म्हणाला. उंच मुलीने पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, हे काचेखाली ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आम्ही तुमच्या मागे आहोत. बिनभाड्याचे पाहुणे म्हटलं होतं मी त्यांना. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही!

मेणवाल्याचं घर नदीकडच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मुलीचं शिलाई मशीन. दार तिनेच उघडलं, आणि मला बघून तिच्या कपाळावर आठी पडली. बरोबरच होतं ते. म्हातारा खिडकीशी बसला होता, सत्तरीचा, पाठ ताठ. वन्सं बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, पहिल्या शनिवारपासून शेवटपर्यंत, एकही शब्द मऊ न करता. साहेबांवर ढकललं नाही, भावंडांची सबब सांगितली नाही. शेवटी म्हणाल्या, “तुमची वजनं खरी होती. खोटी माझी होती.”

मला वाटलं, आता हा ओरडेल. मशीनवरची कात्री फेकून मारली असती तरी मी समजू शकले असते. मुलगी पुढे झाली, ती काहीतरी बोलणारच होती, पण म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं. मग म्हणाला, “ती वजनं माझ्या बाबांची होती.”

हळूहळू कळलं. ती वजनं त्याने स्वतः कधी केली नव्हती, बदलली नव्हती. वडील होते तोवर दरवर्षी तेच मापघरात न्यायचे आणि दरवर्षी शिक्का मिळायचा. वडील गेले, हा पहिल्यांदा स्वतः घेऊन गेला आणि पहिल्याच खेपेला वजनं जड ठरली. लोक म्हणाले, याचा बाप आधीच्या साहेबांना खिशात ठेवून शिक्के मिळवत होता. त्याने तरी दुसरं काय समजायचं? सरकारी वजन खोटं असेल असं कुणाच्या स्वप्नात येईल? तेव्हापासून त्याने वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकला होता. मुलीला तिच्या आजोबांविषयी एक अक्षर सांगितलं नव्हतं. लोकांनी याला चोर म्हटलं, ते त्याने सोसलं. पण त्याने बापाला चोर म्हटलं, मनातल्या मनात, अडतीस वर्षं.

वन्सं तेव्हा खाली बसल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, सासऱ्यांच्या श्राद्धालाही नाही. म्हाताऱ्याने मुलीला पाणी आणायला सांगितलं, पण तांब्या त्याने वन्संच्या हातात दिला नाही, समोर ठेवला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. रविवारी वजनं घेऊन येतो, एवढंच म्हणाला.

वन्सं शनिवारी बसने मोठ्या गावच्या कार्यालयात गेल्या. तिथला आताचा अधिकारी नवखा असताना मापघरात त्यांच्याकडूनच काम शिकलेला. त्याने ऐकून घेतलं आणि तपासलेलं खरं प्रमाण वजन मांडीवर घेऊन रविवारी स्वतःच आला.

रविवारी मापघरात पाय ठेवायला जागा नव्हती. काचेखाली तो चकाकणारा किलो होता आणि खाली उंच मुलीने वन्संच्याच अक्षरात लिहून घेतलेली चिठ्ठी होती, ‘हा दीड ग्रॅमने खोटा आहे. मी झिजवला.’ वन्संनी टेबलाशी उभं राहून गावाला सगळं सांगितलं. एक सभासद लगेच उसळले, म्हणजे वर्षभर आम्हाला कमी माल मिळाला! त्यावर भाजीवाली मावशी म्हणाली की दीड ग्रॅम ना, ते तुमच्या मिशीतच अडकलं असेल, आणि लोक हसले. पण मागे वळून बघितलं तेव्हा हसणं थांबलं, कारण दारातून मेणवाला आत येत होता. त्या दारातून, जिथे महिनाभर त्याचं नाव लावलं होतं. मुलगी त्याच्या बाजूला, हातात फडक्यात बांधलेली वजनं. लोकांनी वाट करून दिली. जे माझ्यासारखे तोंडाळ होते ते जास्तच मागे सरले.

त्या दिवशी सभासदांनी मापघर तीन वर्षं पाडणार नाही असं ठरवलं, बाळांच्या वजनाचे बुधवार चालू राहतील असंही ठरवलं, आणि गाड्यांना दुसरी जागा बघितली. सभा झाली, टाळ्या झाल्या, सगळं रीतसर झालं. पण गावाला आठवतं ते हे नाही.

वन्संनी एका पारड्यात खरं प्रमाण वजन ठेवलं, चिमट्याने. दुसऱ्यात मेणवाल्याचं, फुलीचा ठसा मारलेलं. मग हात मागे घेतले. काटा इकडे गेला, तिकडे गेला, पुन्हा इकडे, आणि मधोमध थांबला. केसभरही इकडे तिकडे नाही. मोठ्या गावच्या अधिकाऱ्याने वाकून बघितलं आणि मोठ्याने सांगितलं की वजन बरोबर आहे.

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, “परत करा.”

वन्संनी दोन्ही वजनं उतरवली, फडक्याने पारडी पुसली, पुन्हा ठेवली. काटा पुन्हा मधोमध. म्हातारा पुढे झाला, दगडी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि काट्याकडे बघत राहिला. त्याची मुलगी रडत होती, मी रडत होते, दाढीवाला त्याचं यंत्र बंद करून उभा होता.

“हे माझ्यासाठी झालं,” म्हातारा म्हणाला. “आता एकदा बाबांसाठी करा.”

वन्संनी मान हलवली आणि चिमटा उचलला.